स्थूलतारोधक शस्त्रक्रिया : प्राण्यांवरील तुलनात्मक प्रयोग

शरीराचे अतिरिक्त वजन कमी करण्यासाठी जठर, लहान आतडे किंवा दोहोंच्या रचनेत बदल करणाऱ्या शस्त्रक्रियांना स्थूलतारोधक शस्त्रक्रिया म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांचे अनेक प्रकार प्रचारात आले. त्यांपैकी कोणता प्रकार अधिक परिणामकारक आणि तो कशामुळे, हे केवळ रुग्णांच्या निरीक्षणावरून ठरविणे अवघड असते कारण शस्त्रक्रियेबरोबर रुग्णाचा आहार, औषधे व दिनक्रम ही सर्वच बदलतात. प्राण्यांच्या बाबतीत हे घटक वेगळे करता येतात. प्राण्यांच्या एका गटावर खरी शस्त्रक्रिया करतात, दुसऱ्यावर आभासी शस्त्रक्रिया (पोट उघडून आतील रचना न बदलता पुन्हा शिवणे) करतात आणि तिसऱ्या गटास पहिल्या गटाने खाल्ले तेवढेच अन्न देतात. पहिल्या व तिसऱ्या गटांत जो फरक दिसतो, तो उपासाचा नसून शस्त्रक्रियेचा असतो. अशा तुलनांमुळे या शस्त्रक्रियांविषयीची मूळ कल्पनाच बदलली.

आरंभीचे प्रयोग : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील ए. जे. क्रेमेन, जे. एच. लिनर व सी. एच. नेल्सन यांनी कुत्र्यांच्या लहान आतड्याचे निरनिराळे भाग अन्नमार्गातून वगळून पोषणावर होणारे परिणाम ताडून पाहिले (१९५४). आतड्याचा वरचा अर्धा भाग वगळला, तरी कुत्र्यांचे वजन फारसे घटले नाही. खालचा अर्धा भाग वगळल्यास मात्र वसेचे (स्निग्ध पदार्थांचे) शोषण बिघडून वजन लक्षणीय घटले. यातून मध्यांत्राचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) आरंभ शेषांत्राच्या (शेवटच्या भागाच्या) टोकास जोडण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. जे. एच. पेन व एल. टी. डीविंड यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अन्नमार्गात मध्यांत्राचा सु. ३५ सेंमी. व शेषांत्राचा सु. १० सेंमी. एवढाच भाग राहत असे.

या शस्त्रक्रियेने रुग्णांचे वजन निश्चित घटले परंतु दीर्घकालीन अतिसार, मुतखडे, सांधेदाह आणि यकृताचा ऱ्हास हे उपद्रव उद्‌भवले. काही रुग्ण दगावले. पुष्कळांच्या आतड्यांची जोडणी पुन्हा पूर्ववत करावी लागली आणि १९८० नंतर ही पद्धत मागे पडली. कुत्र्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष चुकीचा नव्हता. ते शोषणाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर होते. वगळलेल्या आतड्यात जंतू साचून राहिल्यास कित्येक वर्षांनी काय होईल, हा प्रश्न त्या प्रयोगांत विचारलेलाच नव्हता.

नव्या पद्धतींची चाचणी : वरील दोष टाळण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. आयोवा विद्यापीठातील ई. ई. मेसन व सी. इटो यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो लहान आतड्यास जोडला (जठर-बायपास). व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन कमीच राहते, हे निरीक्षण त्यामागे होते. १९७७ मध्ये डब्ल्यू. ओ. ग्रिफेन व सहकाऱ्यांनी तीत वाय या रोमन अक्षराच्या आकाराची जोडणी वापरली. ऑस्ट्रियातील सिनिट्स व श्नापका यांनी सशांच्या जठराभोवती घट्ट-सैल करता येणारा पट्टा बसवून पाहिला (१९८२) आणि अमेरिकेत एल. आय. कुझमाक यांनी १९८६ मध्ये असा पट्टा माणसात वापरला.

दुसरी दिशा इटलीतील जेनोआ येथील एन. स्कोपिनारो यांची होय. त्यांच्या पद्धतीत वगळलेल्या आतड्यातून पित्तरस व अग्निपिंडाचा रस सतत वाहता राहतो आणि शेवटच्या थोड्या भागात तो अन्नात मिसळतो. त्यामुळे आतड्याचा कोणताही भाग निष्प्रवाह राहत नाही. १९७९ मध्ये त्यांनी प्रथम कुत्र्यांवरील प्रयोग व पाठोपाठ माणसांवरील आरंभीचा अनुभव असे दोन निबंध प्रसिद्ध केले. पुढे या पद्धतीच्या एका सुधारित प्रकारात जठर उभे कापून नळीसारखे करण्यात येऊ लागले. जठर-नलिकाकरण ही आज सर्वत्र रूढ असलेली स्वतंत्र शस्त्रक्रिया त्यातूनच निघाली. दुर्बिणीद्वारे ही कामे करण्याचे तंत्र डुकरांवर अजमावले गेले कारण डुकराच्या उदरातील अवयवांचा आकार माणसाशी मिळताजुळता असतो.

मधुमेहाचा प्रश्न : जठर-बायपास झालेल्या मधुमेही रुग्णांपैकी सु. ८३% रुग्णांची रक्तशर्करा प्राकृत झाली, असे डब्ल्यू. जे. पोरीस व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नोंदविले. वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत, हा बदल दिसत असे. तो अल्पाहाराचा परिणाम की आतड्याच्या नव्या रचनेचा, याचा निर्णय रुग्णांवरून होईना.

एफ. रुबीनो व जे. मारेस्को यांनी त्यासाठी गोटो-काकिझाकी वंशाचे उंदीर निवडले (२००४). जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात तयार केलेल्या या वंशाच्या उंदरांना स्थूल नसतानाही मधुमेह होतो. जठर तसेच ठेवून केवळ ग्रहणी (लहान आतड्याचा आरंभीचा भाग) व मध्यांत्राचा वरचा भाग वगळला असता त्यांची शर्करा-सहनशीलता सुधारली. आहार घटविलेल्या उंदरांत तेवढी सुधारणा झाली नाही. २००६ च्या प्रयोगात जठर व मध्यांत्र जोडले परंतु ग्रहणीचा मार्गही खुला ठेवला, तेव्हा सुधारणा दिसली नाही. त्याच उंदरांची ग्रहणी नंतर वगळताच ती दिसली आणि आधी वगळलेली ग्रहणी पुन्हा जोडताच ती नाहीशी झाली. यावरून आतड्याच्या अग्रभागास महत्त्व देणारी उपपत्ती मांडण्यात आली.

दुसरी उपपत्ती पश्चभागास महत्त्व देते. एच. एस. कूपमन्स व ए. स्क्लाफानी यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या शेषांत्राचा तुकडा रक्तवाहिन्यांसह वरच्या भागात बसविला. आतड्याची एकूण लांबी न घटताही उंदरांचा आहार व वजन घटले. ए. डी. स्ट्रेडर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले की, अशा उंदरांत जीएलपी-१ व इतर हॉर्मोने (थेट रक्तात मिसळणारे उत्तेजक स्राव) अधिक प्रमाणात तयार होतात.

नलिकाकरण व बायपास यांची तुलना : नलिकाकरणात आतड्याचा कोणताच भाग वगळला जात नाही. त्यामुळे त्याचा परिणाम केवळ जठराचा आकार घटल्याने होतो, अशी समजूत होती. उंदरांवरील प्रयोगांनी तिला धक्का दिला. एम. ए. स्टेफाटर व सहकाऱ्यांना आढळले (२०१०) की, नलिकाकरण झालेल्या उंदरांना काही काळ अर्धपोटी ठेवून मग मुबलक अन्न दिल्यास ते अधिक खाऊन घटलेले वजन भरून काढतात पण शस्त्रक्रियेनंतरच्या पातळीपर्यंतच. म्हणजे त्यांना जास्त खाता येत नाही असे नसून शरीर राखू पाहत असलेले वजनच खाली आलेले असते. ए. पी. चेंबर्स व सहकाऱ्यांच्या तुलनेत (२०११) दोन्ही शस्त्रक्रियांनी रक्तशर्करेचे नियंत्रण जवळजवळ सारखेच सुधारले आणि ही सुधारणा वजनघटीवर अवलंबून नव्हती.

यानंतर विशिष्ट जनुक काढून टाकलेल्या लहान जातीच्या उंदरांचा उपयोग झाला. भूक वाढविणारे घ्रेलीन किंवा जीएलपी-१ चा ग्राहक नसलेल्या उंदरांतही नलिकाकरण परिणामकारक ठरले (२०१३). पित्ताम्ले ओळखणारा एफएक्सआर हा ग्राहक नसलेल्या उंदरांत मात्र वजनघट टिकली नाही (२०१४). बायपास झालेल्या उंदरांच्या आतड्यांतील सूक्ष्मजंतू जंतुरहित उंदरांत सोडले असता त्यांचेही वजन घटले, असे ए. पी. लिऊ व सहकाऱ्यांना आढळले (२०१३).

मर्यादा : उंदराच्या जठराचा बराच भाग ग्रंथिरहित असतो व नलिकाकरणात मुख्यतः तोच कापला जातो. मोठ्या जातीच्या उंदरास पित्ताशय नसते. उंदरास उलटी करता येत नाही. प्रयोगांत बहुधा तरुण नर वापरले जातात, तर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. जोडणीतील लांबी प्रत्येक प्रयोगशाळेत निराळी असल्याने निष्कर्ष शेजारी मांडतानाही सावधगिरी बाळगावी लागते. प्राण्यांच्या यातनांचा प्रश्नही आहेच. डब्ल्यू. एम. एस. रसेल व आर. एल. बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधणे, संख्या घटविणे व वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली. भारतात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार नियंत्रण आहे.

स्वित्झर्लंडमधील एका चाचणीत पाच वर्षांनंतर नलिकाकरण व जठर-बायपास या दोन गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही (२०१८). उंदरांवरून मिळालेल्या अंदाजाशी हे जुळते. शस्त्रक्रिया कशामुळे परिणाम करते, याचे उत्तर प्राण्यांकडून मिळू शकते. ती वीस वर्षांनी रुग्णास कितपत मानवेल, हे मात्र रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीतूनच कळते. १९५४ च्या निष्कर्षावर उभ्या राहिलेल्या शस्त्रक्रियेच्या अनुभवावरून हा भेद स्पष्ट झाला.