हिरव्या झिलईची चिनी पात्रे आणि बारामती-इंदापूर परिसर : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
'चिनी माती' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्यात एका दूरच्या देशाचे नाव आहे हे सहसा ध्यानात येत नाही. लोणच्याची बरणी बहुधा भारतातच घडलेली असते. अस्सल चिनी पात्र मात्र मध्ययुगात दुर्मीळ व मौल्यवान मानले जाई. त्यांपैकी हिरव्या झिलईच्या, म्हणजे सेलाडॉन पात्रांचा विचार येथे केला आहे.

विवेचन :
चीनच्या झेजियांग प्रांतातील लोंगच्वान येथील भट्ट्या या पात्रांसाठी विख्यात होत्या. झिलईत लोहाचा अल्प अंश असे. भट्टीतील प्राणवायू कमी करून सुमारे १२५० अंश सेल्सिअसला भाजल्यावर त्यातून हिरवी छटा येई. प्राणवायू अधिक राहिल्यास तीच झिलई पिवळसर वा तपकिरी होई. रंगाचे श्रेय द्रव्याइतकेच भट्टी राखणाऱ्याच्या अनुभवाला द्यावे लागते.

भारतात या पात्रांना 'घोरी' असे नाव पडले. विषारी अन्न वाढताच पात्र तडकते अथवा रंग बदलते, अशी समजूत होती. झिलई हा काचेसारखा स्थिर थर असल्याने तिला शास्त्रीय आधार नाही. तथापि दरबारी जीवनातील भय आणि अविश्वास यांचा पुरावा म्हणून ती इतिहासकाराला उपयुक्त ठरते.

मुहम्मद तुघलकाने चीनकडे पाठविलेल्या वकिलातीसोबत निघालेला इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला होता. चिनी पात्रे भारतात व पुढे थेट मघरेबपर्यंत जातात, अशी नोंद त्याने केली आहे. पुढे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौल येथे किल्ला उभारला आणि १५५७ मध्ये मकाव येथे वसाहत केली. त्यामुळे चिनी मालाला कोकणाची वाट अधिक सुलभ झाली. चौलचा माल घाट चढून देशावर येई. पुणे, सुपे व इंदापूर हे परगणे त्या काळी निजामशाहीच्या प्रदेशात होते. मालोजीराजे भोसले यांना इंदापूर येथेच वीरमरण आल्याची परंपरा आहे. केवळ यावरून येथील गढ्यांत चिनी पात्रे होती असे सिद्ध होत नाही. शोध घेण्यास आधार मात्र मिळतो.

या शोधात विलंब परवडणारा नाही. उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची जुनी गावे बुडाली. पाणी ओसरल्यावर पळसदेवचे प्राचीन मंदिर दिसते, परंतु खापरांची नोंद कोण घेणार? नांगराखाली आलेला हिरवट तुकडा बांधावर फेकला जातो आणि त्याबरोबर त्याचे स्थानही हरवते.

निष्कर्ष :
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहांतील चिनी पात्रे सुरक्षित आहेत. ग्रामीण भागातील अवशेषांना असे छत्र नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरते व तिची खासगी निर्यात करता येत नाही. परंतु ओळखच नसलेल्या वस्तूचे रक्षण कायदाही करू शकत नाही. म्हणून महाविद्यालयीन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने छायाचित्र, मोजमाप व सापडल्याचे ठिकाण यांची नोंदवही ठेवावी. अखंड फुलदाणी मोलाची खरीच. पण ठिकाण नोंदलेला फुटका तुकडा इतिहासाला अधिक सांगतो.