सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर: काढलेला सिलिंडर परत नीट कसा बसवतात?

खानदेशात सिलिंडर म्हटलं की आधी गॅसचाच आठवतो. पण रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं ज्या फिरत्या गोल भागात बसतात, त्यालाही सिलिंडरच म्हणतात. साफसफाईसाठी तो काढतात. रीलमध्ये तो परत बसवणं दोन सेकंदांचं काम वाटतं, पण खरी चूक तिथेच होते.

सिंगल-ॲक्शन म्हणजे काय?

प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. चाप फक्त घोडा सोडतो. १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे प्रसिद्ध उदाहरण. घोडा ओढला की सिलिंडर एक घर फिरतो आणि खालची खिट्टी खाचेत अडकून ते घर नळीसमोर धरते. ही रेषा चुकली तर गोळी नळीच्या तोंडाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. जवळ उभ्या माणसाचा डोळाही जाऊ शकतो.

बसवण्याचा क्रम (कोल्ट पद्धत)

१. सिलिंडरची सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा. नळी कुणाकडेही नको.
२. घोडा हाफ-कॉकवर, लोडिंग गेट उघडं.
३. दातेरी बाजू मागे ठेवून सिलिंडर उजवीकडून आत सरकवा. अडला तर जोर लावू नका, हलकेच फिरवा.
४. पुढून बेस पिन घाला. खटका तिच्या खाचेत बसलाच पाहिजे.
५. गेट बंद करा. घोडा पूर्ण मागे ओढून मगच अंगठ्याने धरून हळू खाली आणा. हाफ-कॉकवरूनच खाली आणला तर खिट्टी सिलिंडरवर ओरखडा पाडते.
६. प्रत्येक घर घट्ट थांबतं का, ते तपासा.

नेहमीचे घोळ

पिन अर्धवट बसली तर गोळीच्या धक्क्याने पुढे सरकते आणि सिलिंडर अडकतो. काही नकलांच्या पिनला दोन खाचा असतात; पिन जास्त आत गेली की घोडा काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. ती सुरक्षेची सोय आहे, बिघाड नाही.

कानपूरला बनणारं .३२ रिव्हॉल्व्हर मधून दुमडून उघडतं. त्याला हा क्रम लागू नाही. त्याचं मॅन्युअलच पाहा.

कायदा काय म्हणतो?

हे फक्त परवानाधारकासाठी आहे. जळगाव असो की धुळे, परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. शस्त्र कायदा १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. विनापरवाना शस्त्र बनवणं, विकणं किंवा दुरुस्त करणं, यासाठी आता किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणून कुणी 'भाऊ, जरा हे फिट करून दे ना' म्हटलं, तर हात लावू नका. व्हिडिओ पाहून समजून घ्या, पण शस्त्राचं काम परवानाधारक कारागिराकडेच राहू द्या.