कातळावर चढलेली बाग

कोकणातल्या लांज्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. जांभा सच्छिद्र, उतार मोठा; मुचकुंदी आणि काजळी या नद्या बघता बघता पाणी समुद्राला पोचवतात. दुष्काळ इथे होळीच्या मागोमाग दरसाल येतो.

म्हणून जुन्या काळी बाग पाण्याकडे जायची. वहाळाकाठी माड-पोफळींचं आगर, आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-माळावर, काही नाही. पावसात सडा हिरवागार होई, आजच्या फार्महाउसवाल्यांना हेवा वाटावा असं लॉन. दिवाळीनंतर ते पिवळं पडे. त्याला कोणी तांब्याभर पाणीही घातलं नाही. गवत कापायचं, गुरांना घालायचं, उरलेल्यातून घर शाकारायचं.

पाणी होतं ते आगरासाठी. भातकापणी उरकली की वाडी ओढ्यावर जमे. दगड, माती, झाडपाला घालून बांध उभा राही आणि पाटाचं पाणी वायंगणाच्या उन्हाळी भाताला नि आगराला जाई. पुढच्या पावसात बांध वाहून जायचाच. तो टिकावा अशी कुणाची अपेक्षाही नसे. पाट पोचत नसे तिथे विहिरीवर रहाट. लोट्यांची माळ ओढायला रेडा किंवा बैल, लहान विहिरीवर माणसानं पायानं फिरवायचा पायरहाट. वर आलेलं पाणी पोफळीच्या चिरलेल्या खोडाच्या पन्हळींतून आळ्यांपर्यंत पोचे. आळ्यात नारळाची सोडणं पुरलेली असत. ती ओल धरून ठेवत, म्हणून शिंपणाची एखादी पाळी चुकली तरी माड तग धरी. थोरल्या फणसाला मात्र या शिंपणात वाटा नव्हता. त्याची मुळं आपलं बघून घेत.

पुढे पंप आले, रहाट थांबले. पण खरा बदल झाला 1990 नंतर. रोजगार हमीला जोडून शंभर टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू झाली आणि हापूस-काजूची कलमं सड्यावर चढली. काही ठिकाणी सुरुंगानं कातळ फोडून, बाहेरून माती आणून खड्डे भरले. सरकारनं कलम दिलं, खड्डा दिला. पाणी मात्र खालीच राहिलं होतं. कलम जगवायचं तर पहिले काही उन्हाळे पाणी हवंच, आणि ते चढवलं बहुतेक बायकांनी, डोक्यावरच्या हंड्यांतून. कुणी कलमाशेजारी बारीक भोक पाडलेलं मडकं पुरलं. बुंध्याभोवती वाळलं गवत पसरलं. छपरांवर कौलं आल्यावर बिनकामाचं झालेलं सड्याचं गवत असं पुन्हा उपयोगी पडलं.

आता बागेतच खड्डा खणून, प्लास्टिक अंथरून पावसाचं पाणी साठवायची जलकुंडं झाली आहेत. खाली ओढ्यांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. पद्धत जुन्या बांधाचीच, फक्त आता गावागावाला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं. ते मार्चअखेरीपर्यंत पुरं केलं तरी कागदावर चालतं. ओढ्याची धार तोवर वाट बघत नाही.