कासव शोधलं तर राम का सापडतो?

आज गप्पा गंजिफाच्या. म्हणजे आपले जुने, गोल पत्ते. आणि मोबाइलवर त्यांचं नाव टाइप केल्यावर काय होतं, त्याच्या.

१५२७ मध्ये बाबराने सिंधला शाह हसनकडे गंजिफाची पानं पाठवली, अशी नोंद बाबरनाम्यात आहे. मोगली संचात ८ रंग, ९६ पानं. आपल्या दशावतारी संचात १० अवतारांचे १० रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० पानं. सावंतवाडीत ही कला विझत चालली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली.

ही पानं ओळखायला मी एक छोटं ॲप लिहितोय. त्यात मुख्य डोकेदुखी शोधाची, कारण स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. आमच्या पेणकरपाड्यालाच कुणी पेनकरपाडा लिहितं!

यावरचा उपाय साठ वर्षं जुना आहे. १९६४ मध्ये फ्रेडरिक दामेराऊने दाखवलं, की स्पेलिंगच्या ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच अक्षराच्या घोळाच्या असतात. १९६५ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइनने दोन शब्दांमधलं अंतर मांडलं: किती चिन्हं घातली, काढली किंवा बदलली की एकाचा दुसरा होतो? कुर्म आणि कूर्म, अंतर १. नृसिंह आणि नरसिंह, तेही १. झकास.

आता 'कासव' टाइप करा. कॉम्प्युटर काना, मात्रा, हलंत सगळं वेगवेगळं मोजतो. कासव ते कूर्म अंतर ४. कासव ते राम फक्त ३! वामनही ३ वरच. म्हणजे सूट जास्त दिली तर कासवाच्या जागी राम येतो, आणि कमी दिली तर काहीच येत नाही.

कारण ही स्पेलिंगची चूक नाहीच. एकाच पानाची ही दोन नावं आहेत. म्हणून मी आधी नावांची यादी बघतो: मत्स्य म्हणजे मासा, कूर्म म्हणजे कासव. यादीत नाव नसेल तरच अंतर मोजतो, आणि छोट्या नावाला सूट फक्त १ ची. प्रांत बदलला की यादीही बदलते. बंगालच्या विष्णुपूरच्या दशावतारी पत्त्यांत बुद्धाच्या जागी जगन्नाथ दिसतो. हे कुठलंही गणित सांगणार नाही, इतिहासच सांगतो.

यात गंमत कमी, काळजी जास्त आहे. सर्चमध्ये काही आलं नाही, की आपण धरून चालतो की ते नव्हतंच. पानं संग्रहालयात टिकतील, पण खेळताना तोंडी घेतली जाणारी नावं खेळणाऱ्यांबरोबरच जातात.

तेव्हा कोकणात कुणी आजी-आजोबा गंजिफा खेळलेले असतील, तर एवढंच विचारा: "या पानाला तुम्ही काय म्हणायचात?" आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात!