बेथेलची मंडळी

१८४३ हे साल मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला श्रीपत शेषाद्री प्रकरणामुळे ठाऊक असते. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे गेलेल्या या ब्राह्मण मुलाला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर वाद पेटला आणि बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. श्रीपतचा थोरला भाऊ नारायण याने त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला, एवढे सांगून आपले ग्रंथकार त्याला निरोप देतात. आमच्या मते खरा इतिहास तेथून पुढे सुरू होतो.

त्याच वर्षी मे महिन्यात एडिंबरोत स्कॉटलंडची चर्च दुभंगली होती. गावच्या मंडळीवर धर्मोपदेशक कोणी नेमावा, जमीनदाराने की मंडळीने, हा वादाचा गाभा होता. साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक घर आणि वेतन सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन झाली. मुंबईतील जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट यांनी तिचीच वाट धरली. नारायण शेषाद्रींना १८५४ साली दीक्षा मिळाली ती याच चर्चची.

पुढे त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. तेथे त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग समाजातील लोक. गावकुसाबाहेरच्या या माणसांना धर्मांतरानंतर राहायचे कोठे, हा प्रश्न पोटापाण्याचाही होता. दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ नवे खेडे वसले. त्याला नाव मिळाले बेथेल, म्हणजे देवाचे घर.

येथे एक विसंगती नजरेत भरते. जमीनदाराची सत्ता नाकारणाऱ्या चर्चचे हे खेडे एका दिवाणाच्या कृपेवर उभे होते. शिवाय प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार धर्मोपदेशक एकटा पाहत नाही. मंडळीने निवडलेले ‘वडील’ त्याच्याबरोबर बसतात. ज्यांना गावच्या चावडीवर बसता येत नव्हते त्यांच्यासाठी या तत्त्वाचा अर्थ स्कॉटलंडपेक्षा फार वेगळा होता. मात्र तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर असते. बेथेलचा आधारवड एक माजी ब्राह्मण होता, आणि त्या खेड्याची कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने मिशनच्या लेखणीतून. मांग कुटुंबांना या घराविषयी काय वाटत होते, हे त्या कागदांत क्वचितच ऐकू येते.

तो आवाज मराठीत नव्हताच असे मात्र नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला गेला, आणि आम्हांला धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. बेथेल हे त्या सवालाला दिले गेलेले एक उत्तर होते. ते पुरेसे होते की नाही, याचा निवाडा आज आपण घाईने करू नये.

नारायण शेषाद्री १८९१ साली परदेशातून परतताना समुद्रप्रवासात वारले. उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा मोठा भाग १९२४ च्या संयुक्त चर्चमध्ये आणि ती चर्च १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये सामील झाली. जुनी नावे अशी मागे पडली. पण एका मुलाच्या जातीत परतण्याला आपण पानेच्या पाने देतो आणि जातीबाहेरच्यांनी वसवलेल्या गावाला एक ओळही देत नाही, तेव्हा आपल्या वाङ्मयेतिहासाची चावडी अजून कोणाची आहे, हे आपण स्वतःलाच विचारले पाहिजे.