सख्खे

स्पॅनिश भाषेत भावाला ‘एर्मानो’ म्हणतात. लॅटिनमधील मूळ प्रयोग दोन पदांचा, ‘फ्रातेर गेर्मानुस’, म्हणजे सख्खा भाऊ. कालौघात त्यातले ‘भाऊ’ हे पद गळाले आणि नुसते ‘सख्खा’ हे विशेषणच भाऊ या अर्थी रूढ झाले. अमेरिकेत वसलेल्या लॅटिनो समाजातील समलिंगी पुरुषांनी एड्सशी दिलेल्या झुंजीचा इतिहास औषधांचा, इस्पितळांचा आणि सरकारी खात्यांचा इतिहास म्हणून लिहिण्याचा शिरस्ता आहे. परंतु त्या दफ्तरात हा ‘सख्खा’ शब्द वारंवार भेटतो, आणि मला तर तोच त्यातला सर्वांत बोलका दस्तऐवज वाटतो.

1980 साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे 1,25,000 माणसे मिळेल त्या होडीने फ्लोरिडाच्या किनाऱ्यास लागली. क्यूबाच्या राजवटीने समाजातला गाळ म्हणून हिणवलेले समलिंगी पुरुषही त्यांत होते. आणि ज्या मुलखाचा आसरा ते शोधीत होते, तेथील 1952च्या कायद्याचा अर्थही अशा माणसांना प्रवेश नाकारण्याकडेच लावला जात असे. त्याच लोंढ्यात आठ वर्षांचा पेद्रो सामोरा होता, आठ भावंडांतले शेंडेफळ. थोरली भावंडे लष्करी सेवेच्या वयाला टेकलेली, म्हणून त्यांना देश सोडण्याची मंजुरी मिळाली नाही. आईबाप धाकट्यांना घेऊन निघाले आणि एकाच आईची लेकरे समुद्राच्या दोन तीरांवर विभागली गेली. मायामीत पेद्रो तेरा वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. पुढे शाळेतल्या रक्तदानानंतर रक्तपेढीचे एक पत्र घरी आले, त्या पत्राच्या मागोमाग तपासणी झाली, आणि 1989च्या नोव्हेंबरात, वयाच्या सतराव्या वर्षी, आपल्या रक्तात एच.आय.व्ही. आहे हे त्याला कळले.

त्यानंतर हा मुलगा शाळाशाळांतून बोलत फिरला. 1993च्या जुलैत अमेरिकी काँग्रेससमोर जबानी देताना, आमच्यापर्यंत पोहोचायचे असेल तर आम्हाला आपली वाटेल अशा भाषेत बोला, असे त्याने बजावले. 1994 साली दूरचित्रवाणीवरील ‘द रिअल वर्ल्ड’ या मालिकेने त्याला घरोघरी नेले. पण त्याच वर्षी दुखणे विकोपाला गेले. क्यूबात अडकलेल्या भावंडांना अमेरिकेत येण्याचा परवाना मिळाला तो तेव्हा, चौदा वर्षांनी. 11 नोव्हेंबर रोजी, मालिकेचा अखेरचा भाग दाखवला गेल्यानंतर काही तासांतच, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने प्राण सोडला. एवढ्या उशिरा का होईना, तो परवाना मिळाला, याचे मोल मी कमी लेखू इच्छित नाही. परंतु तोच चार-पाच वर्षे आधी मिळता तर त्या मुलाच्या पाठीशी किती माणसे उभी असती, हा विचार मनातून जात नाही.

सर्वांनाच सख्खी भावंडे लाभतात असे नाही, आणि लाभलेली सर्वच पाठराखण करतात असेही नाही; नाजूक वाटणाऱ्या मुलाला घरातला पहिला टोमणा पुष्कळदा थोरल्या भावाकडूनच ऐकावा लागतो. ही उणीव ओळखूनच, असे मला वाटते, सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन या लॅटिनो वस्तीत 1990च्या दशकात निघालेल्या एका एड्स-प्रतिबंधक उपक्रमाने ‘एर्मानोस दे लुना इ सोल’, म्हणजे चंद्रसूर्याचे भाऊ, हे नाव धारण केले. त्यामागची दृष्टी राफाएल दियास या मानसशास्त्रज्ञाची होती. लॅटिनो समलिंगी पुरुषांना निरोधाची माहिती नसते असे नव्हे, तो वापरण्याची इच्छाही असते, परंतु बालपणापासून सोसलेला अपमान, दारिद्र्य आणि वर्णद्वेष ऐन क्षणी त्या इच्छेचे बळ हिरावून घेतात, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणून त्या मंडळींत रोगाच्या आधी घराविषयी आणि एकटेपणाविषयी बोलणे होई, तेही स्पॅनिशमध्ये. मायामी, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील 912 पुरुषांची त्यांनी सहकाऱ्यांसह केलेली पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली, आणि तिने याच विचाराला पुष्टी दिली. 2009 साली केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोऱ्या व लॅटिनो मिळून 224 तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराने तीव्रपणे झिडकारलेल्यांत असुरक्षित संबंधांची शक्यता 3.4 पट आढळली, आणि सर्वाधिक झिडकार लॅटिनो मुलग्यांच्या वाट्याला आलेला दिसला.

पुढची हकिकत औषधाची आहे. पेरू, इक्वेडोर, ब्राझील आदी देशांतल्या 2,499 स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2010 साली आले, आणि रोज एक गोळी घेऊन संसर्ग टाळण्याच्या उपायास 2012च्या जुलैत अमेरिकेत मंजुरी मिळाली. ही गोळी रोज घ्यायची असल्याने घरातच ठेवावी लागते. दोघा-तिघा भावंडांत मिळून एक खोली असलेल्या घरात तिची कुपी लपविण्यास जागा नसते; निळी गोळी आज ना उद्या भावाच्या दृष्टीस पडते, आणि तो ती हातात घेऊन विचारतो, हे कशाचे औषध रे?