रेडिएटर सीसीचा की अश्वशक्तीचा?

जुन्या पद्मिनीत किंवा अँबेसेडरमध्ये मोठं इंजिन बसवायचं ठरलं, की मालकाचा पहिला प्रश्न सीसीचा असतो: अठराशेला हा रेडिएटर पुरेल का? रेडिएटरची कुळकथा पाहिली, तर हा हिशेब पहिल्याच पिढीत कोसळतो.

कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीचं इंजिन ९५४ सीसीचं. कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीचं १०८९. आकार जवळजवळ सारखा, पण बेन्झची ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती आणि पद्मिनीची सुमारे ४०. म्हणून बेन्झचं रेडिएटरवाचून भागलं. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुन्हा भरावं लागे.

ताकद वाढली तसं पाणी वाहून नेणंच जड होऊ लागलं. डाइमलरच्या कारखान्यातल्या विल्हेल्म मायबाखने १८९७ मध्ये नळ्यांचा रेडिएटर केला, त्यालाही १८ लिटर पाणी लागे. पुढे नीसचा व्यापारी एमिल येलिनेक जास्त वेगवान गाडीसाठी हटून बसला. त्याच्यासाठी १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या गाडीचं इंजिन ५.९ लिटरचं, ३५ अश्वशक्तीचं होतं. मायबाखने सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या डाख देऊन एकत्र जोडल्या. हवा नळ्यांतून जाई, पाणी त्यांच्यामधल्या फटींतून. दिसायला मधमाशांचं पोळं, आणि नावही तेच पडलं. पाणी निम्म्यावर, नऊ लिटरवर आलं. वेग कमी असताना वारा पुरत नाही, म्हणून त्याने मागे छोटा पंखाही बसवला. गाडीला येलिनेकच्या मुलीचं, मर्सिडीसचं नाव मिळालं. माझ्या मते नाव पोळ्याचं व्हायला हवं होतं.

आता गंमत पाहा. त्या ५.९ लिटरच्या धुडापेक्षा पद्मिनीची ताकद जास्त, तीही पाचव्या हिश्श्याहून लहान इंजिनातून. पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. म्हणजे रेडिएटरला सीसी कळत नाहीत, मिनिटाला किती पेट्रोल जळतं तेवढंच कळतं, आणि ते अश्वशक्तीबरोबर वाढतं. फोर्डची मॉडेल टी २.९ लिटरची असून २० अश्वशक्तीची होती. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर तिला पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढायचं आणि थंड होऊन खाली यायचं.

पोळ्याला डाखाचे सांधे फार, त्यामुळे गळती ठरलेली. पुढे तांब्या-पितळेच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पट्ट्या आल्या. आपल्या जुन्या गाड्यांत अशाच नळ्यांच्या रांगांचे रेडिएटर असतात. इथे ‘दोन रांगांचा काढून चार रांगांचा टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. पण मागच्या रांगांना पुढच्यांनी तापवलेली हवाच मिळते. जाडी वाढवण्यापेक्षा हवेसमोरचं तोंड रुंद केलेलं बरं. आणि खंडाळ्याच्या घाटात दुसऱ्या गियरवर गाडी उकळते, तेव्हा कमतरता बहुधा हवेची असते, पाण्याची नव्हे.

तेव्हा मोठं इंजिन बसवणार असाल, तर आधी नळ्यांतला क्षार साफ करून घ्या, पंखा आणि त्याभोवतीचं कडं नीट बसवा आणि मग रेडिएटरवाल्याला सीसी नव्हे, अश्वशक्ती सांगा.